शटर मागच्या माणसांसाठी

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन फोटो असतात. एक फ्लॅशच्या उजेडाचा आणि दुसरा त्या जागेत आधीपासून असलेल्या उजेडाचा. दोन्ही एकाच चौकटीत उमटतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण त्यांचे हिशोब वेगळे असतात. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात, बऱ्याचदा त्याहूनही कमी वेळात, येऊन जातो. शटर सेकंदाच्या साठाव्या भागापुरतं (१/६०) उघडं असो की पंधराव्या (१/१५), त्याला फरक पडत नाही. जागेचा उजेड मात्र शटर उघडं असेपर्यंत झिरपत राहतो. त्यामुळे शटर स्पीडने जागेचा उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशच्या पॉवरने फक्त फ्लॅशचा, आणि ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकार) व आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा) या दोघांनी दोन्ही. एवढंच. हे एकदा हाताला कळलं की लग्नाच्या हॉलमध्ये कॅमेरा हातात घेऊन उभं राहणं सोपं होतं, आणि जबाबदारीही वाढते. कारण मागचा अंधार मग नशिबाचा राहत नाही. तो तुम्ही ठरवलेला असतो.

मी वाई-सातारा भागात लग्नांचे फोटो काढते. मुंज, बारसं, डोहाळजेवण, मंगळागौर, साठीशांत हेही आलंच. कामाचा मोठा भाग संध्याकाळी आणि रात्री, म्हणजे फ्लॅशशिवाय सुटका नाही. हल्ली पुष्कळ तरुण फोटोग्राफर अभिमानाने सांगतात, की आम्ही फ्लॅश वापरतच नाही, असेल त्या उजेडात काढतो. मला ते पटत नाही. मंगल कार्यालयातला असेल तो उजेड म्हणजे छताच्या ट्यूबलाइट, स्टेजवरचे पिवळे हॅलोजन आणि व्हिडीओवाल्याचा डोळ्यांत घुसणारा एलईडी. अशा उजेडात नवरीच्या डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि एक गाल हिरवट, एक पिवळा येतो. तिथे फ्लॅश हवाच. तो कसा हवा आणि किती हवा, एवढाच खरा मुद्दा आहे.

घरी आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम आहे. काळ्या जाड पानांचा, मधे जाळीदार बटरपेपर असलेला. तुमच्याही घरी असेल. त्या अल्बममधले सगळे फोटो एका जातीचे आहेत: पुढे लख्ख पांढरे चेहरे आणि मागे डांबरासारखा काळोख. माणसं जणू अंधाऱ्या विहिरीच्या काठावर उभी राहून हार घालताहेत. लहानपणी मला वाटायचं, तेव्हा लग्नात वीजच नसणार. वीज होती. मांडवात ट्यूबलाइट होत्या, रंगीत माळा होत्या, असं आई सांगते. मग त्या गेल्या कुठे?

उत्तर साध्या गणितात आहे. त्या काळात आपल्याकडचे लग्नाचे फोटोग्राफर यशिका मॅट १२४जी वापरायचे, किंवा पेंटॅक्स के१०००. फिल्म १०० एएसएची, म्हणजे आजच्या भाषेत आयएसओ १००. फ्लॅश कॅमेऱ्यावर नाहीतर बाजूच्या पट्टीवर, थेट समोर रोखलेला. के१००० चं शटर कापडी पडद्यांचं, फ्लॅशशी त्याचा मेळ जास्तीत जास्त १/६० ला बसतो; त्याहून वेग वाढवला तर फ्लॅश चौकटीच्या एका भागातच उमटतो. यशिकाचं पाकळ्यांचं शटर कोणत्याही वेगाला मेळ साधतं, पण सवयीने १/१२५ ठेवलं जायचं, हात हलायची भीती नको म्हणून. ॲपर्चर एफ/८ (आकडा मोठा तितकं भोक लहान), म्हणजे फोकस थोडा चुकला तरी चेहरा धारदार येईल. आता ट्यूबलाइटच्या मांडवात १०० च्या फिल्मवर एफ/८ ला तो मांडव दिसायचा असेल, तर शटर एक ते दोन सेकंद उघडं हवं. ते उघडायचं सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापुरतं. मांडवाला गरजेच्या शंभरावा हिस्साही उजेड मिळत नव्हता. माळा, ट्यूबलाइट, पाहुणे, सगळं फिल्मच्या लेखी काळं.

त्या फोटोग्राफरांना मी दोष देत नाही. यशिकाच्या रोलमध्ये बारा फोटो. प्रत्येक फोटोला पैसे पडायचे, निकाल चार दिवसांनी रोल धुऊन आल्यावर कळायचा, आणि नवरा-नवरीचा चेहरा आला नाही तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. त्यांनी चेहरा वाचवला. तो वाचवताना जे गेलं त्याची किंमत मात्र खरी होती.

बाबांना एक आत्या होती. लहान वयात विधवा झालेली, भावाच्याच घरी राहिलेली. बाबांना तिनेच वाढवलं. लग्नाच्या आधी महिनाभर घरात जे काही झालं, पापड-कुरडयांपासून रुखवतापर्यंत, ते तिच्या हातचं होतं. आणि लग्नाच्या दिवशी ती रीतीप्रमाणे मांडवाच्या मागच्या बाजूला उभी होती. विधवेने पुढे यायचं नाही, ओवाळायचं नाही, हळद लावायची नाही. तिथून तिने लग्न पाहिलं. अल्बममध्ये ती कुठेच नाही. म्हणजे ती असणार, दोन-चार फोटोंत नक्की असणार, बाबांच्या खांद्यामागे, त्या डांबरी काळोखात. फ्लॅशचा उजेड तिच्यापर्यंत पोचला नाही.

समाजाने कुणाला पुढे उभं करायचं आणि कुणाला मागे, हे ठरवलेलं असतं. थेट मारलेला फ्लॅश त्या उतरंडीवर शिक्का मारतो. पुढचे लखलखतात, मागचे पुसले जातात. विधवा आत्या, दाराशी बसलेली आजी, वाढपी, आचारी, वाजंत्री, भांडी घासायला आलेल्या बायका, वरातीत डोक्यावर दिव्यांचं ओझं घेऊन चालणारी माणसं. म्हणून मी शटर हळू ठेवते. १/६०, १/३०, जमलं तर १/१५. शटर मागच्या माणसांसाठी असतं, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते, आणि ते मी शब्दशः सांगते.

या मागे एक भौतिक नियम आहे. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दोन मीटरवरच्या माणसाला जेवढा फ्लॅश मिळतो त्याच्या पावपट चार मीटरवरच्याला, आणि सोळावा हिस्सा आठ मीटरवरच्याला. स्टेजवर पन्नास जणांचा कुटुंबाचा फोटो काढताना हाच नियम छळतो. पुढे सतरंजीवर मुलं, मग खुर्च्यांवर वडीलधारे, मग उभी रांग, मग पाटावर चढलेली तरणी पोरं. पहिली रांग तुमच्यापासून दोन मीटरवर आणि शेवटची चारवर असेल, तर शेवटच्या रांगेला पुढच्यांच्या चौथाई उजेड. दोन स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पुढची पोरं भाजून निघतात, मागचे मामा सावळे होतात. इलाज सोपा आहे: मागे या. फ्लॅश सहा मीटरवर नेला तर शेवटची रांग आठ मीटरवर, आणि फरक एका स्टॉपपेक्षाही कमी. पॉवर जास्त लागते, सेल लवकर संपतात, खुर्च्या सरकवायला सांगाव्या लागतात. सांगायच्या. मागच्या रांगेत उभे असलेले लोक काही कमी नात्याचे नसतात.

फ्लॅशवर लिहिलेला गाइड नंबर हल्ली कुणी वाचत नाही, कारण कॅमेरा सगळं मोजतो. पण तो समजून घेण्यासारखा आहे. ४० मीटरचा गाइड नंबर म्हणजे आयएसओ १०० ला अंतर आणि ॲपर्चर यांचा गुणाकार ४० पर्यंत जाऊ शकतो: एफ/८ ला पाच मीटर, एफ/४ ला दहा. आयएसओ ४०० केला की तो ८० होतो. जुन्या फोटोग्राफरांना हा पाढा तोंडपाठ असायचा. नवरीपासून किती पावलांवर उभे आहोत हे पाहून ते रिंग फिरवायचे, आणि बारापैकी बारा फोटो यायचे. त्या हिशोबाबद्दल मला फार आदर आहे.

कॅमेरा मोजतो ते कसं, तेही पाहायला हवं. टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून कॅमेऱ्यानेच फ्लॅश ठरवायची पद्धत. तिच्यात खऱ्या फ्लॅशच्या आधी एक छोटा फ्लॅश उडतो. तो परत किती आला हे कॅमेरा लेन्समधून पाहतो आणि मग मोठ्याची मात्रा ठरवतो. मात्रा ठरवताना त्याची समजूत अशी, की समोरचं जग मध्यम करड्या रंगाचं आहे. आपल्याकडे ते तसं नसतं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले चार आजोबा सोफ्यावर बसले, की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फ्लॅश आवरता घेतो. आजोबांचे चेहरे काळवंडतात. काळ्या सुटातला नवरदेव समोर आला की उलट. फ्लॅश जोरात पडतो आणि त्याच्या कपाळाचा तुकडा उडून जातो. आजोबांसाठी एक स्टॉप वाढवायचा, नवरदेवासाठी पाऊण स्टॉप कमी करायचा. जिथे माणसं एका जागी थांबतात, तिथे मी मशीनकडून हे काम काढून घेते आणि पॉवर हाताने ठेवते.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. फ्लॅश मुद्दाम वाढवून माणसं गोरी करायची पद्धत आपल्याकडे खूप जुनी आहे. स्थळासाठी पाठवायच्या फोटोपासून ती सुरू होते. एक स्टॉप जास्त दिला की सावळी मुलगी गव्हाळ दिसते, दीड दिला की नाकाची कडच नाहीशी होते. पिढ्यान् पिढ्या मुलींनी स्वतःचा असा फोटो पाहिला आहे ज्यात त्या स्वतः नाहीत. याचं मूळ फक्त आपल्या घरांत नाही. कोडॅकने प्रिंटचे रंग जुळवायला लॅबना जी शर्ली कार्डं दिली, त्यांवर अनेक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा होता. तिची त्वचा नीट आली म्हणजे रंग बरोबर, अशी ती मोजपट्टी. जगभरच्या सावळ्या माणसांनी त्या मोजपट्टीवर आपले फोटो धुऊन घेतले.

सावळ्या त्वचेवर उजेड किती सुरेख वागतो, हे ज्याने निरखून पाहिलं आहे त्याला ती पुसावीशी वाटणार नाही. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावल्यांनी कळतो, तर सावळ्या चेहऱ्याचा झळाळीने: गालाच्या हाडावरची लांबट चमक, नाकाच्या शेंड्यावरचा ठिपका, ओठांची कड. त्यासाठी फ्लॅश मोठा आणि मऊ हवा, बाजूने हवा. भिंतीवरून उसळून आलेला किंवा मोठ्या छत्रीतून गाळलेला. समोरून मारलेल्या छोट्या फ्लॅशने त्या चमकेचे तेलकट डाग होतात. तीच गत पैठणीची. थेट फ्लॅशखाली जरीची वीण पांढरी पडते आणि पदरावरचे मोर एका चकचकीत पट्ट्यात विरून जातात. उजेड बाजूने आला की विणकराने घातलेला धागा न् धागा वेगळा दिसतो. "ताई, जरा गोरी येऊ दे हं," असं नवरीची काकू हमखास सांगते. मी काकूंशी वाद घालत नाही. पहिला फोटो काढते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर नवरीला दाखवते. ती स्वतःकडे बघते, आणि विषय बहुतेक वेळा तिथे मिटतो.

फ्लॅश उसळवायचा तर छत पांढरं हवं, ही या कामातली रोजची अडचण. नव्या कार्यालयांची पीओपीची छतं उत्तम. दोनेक स्टॉप उजेड खातात, पण खोलीभर सारखा पसरवून देतात. कापडी मांडव असेल तर वर बघावं लागतं. गुलाबी झालर असेल तर नवरी, नवरा, भटजी सगळे गुलाबी. पिस्ता रंगाच्या भिंती तर मला स्वप्नात येतात. आणि आमच्या वाईतले जुने वाडे: माजघराचं छत तुळयांचं, शंभर वर्षांच्या धुराने काळंभोर झालेलं. तिथे वर फ्लॅश मारला तर तो परतच येत नाही, लाकूड सगळा पिऊन टाकतं. अशा घरात मी काकांकडे एक धुतलेलं पांढरं धोतर मागते आणि ते वलणीवर पसरून त्यावर फ्लॅश टाकते. तसा सुंदर उजेड महागड्या सॉफ्टबॉक्सनेही मिळत नाही. पाच वारांचं धोतर म्हणजे भिंतभर खिडकी.

उजेडाचा रंग हा वेगळा विषय आहे, पण तो टाळून चालत नाही. फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उन्हासारखा पांढरा, साधारण ५५०० केल्व्हिनचा. केल्व्हिन हे उजेडाचा रंग मोजायचं एकक, आकडा लहान तितका रंग पिवळा. हॅलोजन आणि जुने बल्ब ३००० च्या आसपास पिवळे. निरांजनाची ज्योत २००० च्याही खाली, केशरी. नुसता फ्लॅश मारला तर पुढचा चेहरा निळसर-पांढरा आणि मागची खोली पिवळी, दोन वेगळ्या घरांतून कापून चिकटवल्यासारखी. म्हणून फ्लॅशच्या तोंडाला नारिंगी जिलेटिनचा कागद लावायचा आणि कॅमेऱ्याला ३२०० सांगायचं. मग फ्लॅश त्या खोलीतला होतो. औक्षणाला मी बऱ्याचदा फ्लॅश बंदच करते. तबकातल्या दोन ज्योती, सुपारी, अंगठी आणि वाकलेल्या आईच्या चेहऱ्यावर खालून येणारा तो केशरी उजेड. एफ/२, आयएसओ ३२००, श्वास रोखून. तिथे बाहेरून उजेड आणणं म्हणजे घरच्या बोलण्यात तोंड घालणं.

माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे गोरज मुहूर्त. सूर्य टेकलेला असतो, मोकळ्या मैदानात मांडव, मागे डोंगराची कड. आपल्या अक्षांशावर संध्याकाळ झटपट आवरते. सूर्यास्तापासून वीस-पंचवीस मिनिटांत आकाशाचा खेळ संपतो आणि मंगलाष्टकं नेमकी त्याच वेळात. अशा वेळी मी आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त आकाशासाठी कॅमेरा लावते. आयएसओ ८००, एफ/४, शटर सुरुवातीला १/२००. आकाश डोळ्यांना दिसतं त्याहून किंचित गडद येईल एवढं. चेहरे या फोटोत काळे असतात, असू देत. मग फ्लॅश सुरू करायचा: उजवीकडे तीन मीटरवर, छत्रीतून, पॉवर १/१६, म्हणजे पूर्ण ताकदीचा सोळावा हिस्सा. चेहरे आले. यानंतर फ्लॅशला हात लावायचा नाही. भटजी एकेक अष्टक म्हणत जातात, आकाश पिवळ्यातून जांभळ्यात आणि जांभळ्यातून निळ्यात उतरतं, आणि मी फक्त शटर हळू करत जाते. १/२००, १/१२५, १/६०, १/३०. मागचं आकाश प्रत्येक फोटोत जिवंत, पुढचे चेहरे प्रत्येक फोटोत सारखे. एका चाकावर निसर्ग, एका चाकावर माणूस.

आणि शेवटच्या 'सावधान' ला अंतरपाट खाली जातो, वाजंत्री सुटतात, चारी बाजूंनी अक्षता येतात. त्या क्षणी शटर १/३० ला असतं. हातातून सुटलेला तांदळाचा दाणा सेकंदाला तीनेक मीटर वेगाने जात असेल, तर शटर उघडं असताना तो दहा सेंटिमीटर पुढे जातो. फोटोत त्याची नुसती रेघ यायला हवी. पण १/१६ पॉवरवर फ्लॅशचा झोत साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्यात दाणा सरकतो मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा. म्हणून नवरीच्या केसांवर, मुंडावळ्यांच्या मोत्यांमध्ये, हवेत थबकलेला दाणा न् दाणा दिसतो, कुंकवाने लाल झालेल्या टोकासकट, आणि त्यामागे निळ्या आकाशात त्याचीच एक पुसट रेघ. दोन्ही उजेडांनी एकाच दाण्याची आपापली नोंद केलेली असते. अक्षता मला अजूनही दरवेळी नव्याने आवडतात.

फ्लॅशने वेळ इतका बारीक कापता येतो हे दाखवून दिलं ते हॅरॉल्ड एजर्टन यांनी. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात ते विजेवर फिरणाऱ्या मोटर-यंत्रांचा अभ्यास करत होते. फिरणारा भाग डोळ्यांना स्थिर दिसावा म्हणून १९३१ च्या सुमारास त्यांनी वायूच्या नळीतून वीज सोडून लखलख करणारा दिवा बांधला. १९५७ सालचा त्यांचा दुधाच्या थेंबाचा रंगीत फोटो अनेकांनी पाहिला असेल: लाल पृष्ठभागावर थेंब आपटल्यावर उठलेला दुधाचा मुकुट. आज आपल्या फ्लॅशमध्ये हेच तत्त्व आहे. कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास विद्युतभार साठतो, झेनॉनच्या नळीतून एका क्षणात मोकळा होतो, आणि कमी पॉवर हवी असेल तर इलेक्ट्रॉनिक सर्किट तो झोत मधेच तोडतं. पॉवर कमी म्हणजे झोत आखूड, हे त्यामुळेच.

त्याच्या आधी फ्लॅशसाठी स्फोटक पूड जाळावी लागायची. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियम आणि पोटॅशियम क्लोरेटची पूड तयार केली. पेटवली की डोळे दिपवणारा उजेड आणि खोलीभर पांढरा धूर. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचे डेन्मार्कहून आलेले पत्रकार होते. पोलीस खात्याच्या बातम्या लिहिताना रात्री गरिबांच्या चाळींमध्ये फिरायचे. एका खोलीत डझनभर माणसं झोपलेली पाहायचे आणि लिहायचे, पण वाचणाऱ्यांच्या गळी ते उतरत नव्हतं. त्या जर्मन पुडीची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि फोटो काढायला सुरुवात केली. त्या उपकरणाने त्यांच्या हातून घरांना आगी लागल्या, एकदा त्यांचे स्वतःचे कपडेही पेटले. झोपलेल्यांच्या तोंडावर न विचारता स्फोट करणं मला पटत नाही. तरी १८९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा शहराला त्या खोल्या दिसल्या, आणि पुढे तिथल्या घरांचे कायदे बदलण्याच्या चळवळीला बळ मिळालं. अंधारात ठेवलेली माणसं दाखवायला फ्लॅश आधीपासून उभा राहिला आहे, हे मी विसरत नाही.

दिवसा फ्लॅश कशाला, असा प्रश्न प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच. साडेबाराचा मुहूर्त, मे महिना, अंगणात ऊन डोक्यावर. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या, मुंडावळ्यांची सावली गालांवर पट्ट्यांसारखी. फ्लॅश तिथे सावल्या भरतो. अडचण शटरची. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/११ आणि १/२००, हा हिशोब ठरलेला. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की शटरचे दोन पडदे एकत्र सरकतात, मधे नुसती फट असते, आणि फ्लॅश फक्त तेवढ्या फटीतून उमटतो. फोटोवर काळा पट्टा येतो. त्यामुळे १/२०० ला थांबायचं, आणि एफ/११ ला ४० गाइड नंबरचा फ्लॅश उन्हाची बरोबरी करतो तो साडेतीन मीटरपर्यंतच. बरोबरी करायची नसतेच. उन्हापेक्षा दीड स्टॉप कमी ठेवला की डोळे उघडतात आणि ऊन ऊनच राहतं. वेगाच्या शटरसाठी फ्लॅश धडधड तुकड्यांनी पेटवायची सोय आता आली आहे, पण त्यात पॉवर इतकी घटते की दुपारच्या उन्हात मी तिच्या भरवशावर राहत नाही.

मंगळागौरीच्या रात्री मात्र या सगळ्या हिशोबाचं चीज होतं. श्रावणातला मंगळवार, पूजा झालेली, माजघरातली सतरंजी गुंडाळून ठेवलेली. नऊवारी नेसलेल्या नव्या नवऱ्या, त्यांच्या मैत्रिणी, सासवा, मावश्या. झिम्मा, पिंगा, सुपं, लाटणी आणि मग फुगडी. फुगडी थिजवून ठेवली तर दोन बायका हात धरून मागे कललेल्या दिसतात, बाकी काही नाही. गिरकी दिसायला हवी. त्यासाठी आयएसओ ४००, एफ/५.६, शटर १/८. सेकंदाला एक गिरकी धरली तरी तेवढ्यात त्या पाव वर्तुळाच्या अर्ध्याने फिरतात. आणि फ्लॅश शटर उघडताना न सोडता मिटण्याच्या आधी सोडायचा. ही सोय प्रत्येक चांगल्या कॅमेऱ्यात असते, मागच्या पडद्याची. फ्लॅश आधी उडाला तर हालचालीची रेघ माणसाच्या पुढे पसरते आणि ती उलटी फिरते आहे असं वाटतं. शेवटी उडाला की रेघ मागे राहते. पदराचा हिरवा झोत, गजऱ्याची पांढरी कमान, आणि झोताच्या टोकाला लख्ख हसरा चेहरा, दात, घाम, नथ.

गेल्या श्रावणात अशीच एक रात्र होती, एका जुन्या वाड्यात. वलणीवर धोतर, त्यावर फ्लॅश, नारिंगी कागद लावलेला. घरातल्या एक वयस्कर काकू, कुंकू नसलेल्या, उंबऱ्याला टेकून बघत होत्या. नव्या सुनेने त्यांचे हात धरून आत ओढलं. "अगं नको, मला चालत नाही," असं म्हणेपर्यंत दोघींनी पाय जुळवले होते. मी त्या दोघींचे फोटो काढले. काकू जोरात होत्या, सून दमली. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे १/८ च्या उजेडात स्पष्ट आले आहेत, टाळ्यांचे हात तेवढे पुसट. खेळ थांबल्यावर काकूंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "अजून एक घेतेस का गं? आता दोन्ही हातांची नको, दंडफुगडी घालते." फ्लॅशचा दिवा मिणमिणायला लागला होता. मी सेल बदलले आणि हो म्हटलं.